खिळ्यांची छपाई

शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूतून ओतलेले सुटे खिळे जुळवून, त्यांवर शाई फिरवून कागद दाबायचा, ही खिळेछपाई. अँटिमनीमुळे शिसे कठीण होते. प्रत्येक खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे जुळाऱ्याला मजकूर उलटा वाचण्याची सवय लागते.

देवनागरीत हे काम फार अवघड. इंग्रजीला दीडएकशे खिळे पुरतात. इथे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे घरांच्या केसा, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, मांडाव्या लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने ही अडचण पेलून इतकी सुबक, शुद्ध संस्कृत पुस्तके काढली, की त्या अक्षरांचे देखणेपण आजही डोळ्यांत भरते. जुळाऱ्यांच्या बोटांचे श्रेय मात्र क्वचितच कुणी नोंदवले, आणि हा अन्यायच आहे.

ऑफसेट छपाई आल्यावर खिळे भंगारात वितळले. आता हौशी मंडळी, विशेषतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, जुनी ट्रेडल यंत्रे दुरुस्त करून लग्नपत्रिका छापतात. अनेकदा खिळ्यांऐवजी फोटोपॉलिमरचे ठसे वापरतात. त्यांना कागदात खोल उमटलेला दाब आवडतो. जुने मुद्रक मात्र तोच दोष मानत, कारण तशा दाबाने खिळे झिजत.