माणगावची सहल

वसतिगृहात सहलीचा विषय निघाला की पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर ही नावे आमच्या ओठी येत. कोल्हापूरसारखे ऐतिहासिक शहर शेजारी. एका दिवसात जाऊन येण्याजोगी स्थळे पुष्कळ. परंतु वर्गणीचा आकडा ठरला की आमच्यातील काही जण मुकाट्याने माघार घेत. हुपरीत घरोघरी पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या आईकडे पैसे मागणे त्यांना जड जाई.

शेवटच्या वर्षी आम्ही ठरविले, एकही जण मागे राहू नये अशीच सहल आखायची. म्हणून आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव निवडले. भाकरी बांधून घेतल्या, एस.टी.चे भाडे तेवढे लागले.

२१ व २२ मार्च १९२० रोजी याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुमचा खरा पुढारी तुम्हांस लाभला, अशा आशयाचे बोलले. बाबासाहेब तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. गुरुजी हे सांगत असताना आम्ही हातातील भाकरी विसरलो.

पुढे आम्ही दूरदूरचे प्रवास केले. पण त्या संध्याकाळच्या हजेरीत प्रत्येक नावाला 'हजर' असे उत्तर आले होते, ते अजून कानांत आहे.