लगाम हाती घेताना

दलित नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरवल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. म्हणूनच आमच्या मुली घोडेस्वारी शिकू लागल्या तेव्हा आम्हा आयांच्या छातीत धडधड झाली. शिक्षकांनी दौडीची घाई केली नाही. घोड्याच्या डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जायचे, म्हणजे तो बुजत नाही. रिकिबीत चवडा, टाच खाली, पाठ सरळ, नजर समोर, लगाम हलका. कित्येक दिवस नुसती चाल, मग दुडकी. अंगुत्तर निकायात केशी हा अश्वशिक्षक तथागतांना सांगतो, की तो घोड्याला मायेनेही शिकवतो, कठोरपणेही. आमच्या मुलींना मायाच लागू पडली. रोजच्या सरावाने भीती ओसरली. बंधू-भगिनींनो, लेकरांचा पाया सावकाश पक्का होऊ द्या. मग ‘खाली उतर’ म्हणणाऱ्यापुढे त्यांची मान झुकणार नाही.