कमी बजेटचा गेमिंग पीसी

गेमिंग पीसीच्या बजेटचा मोठा लचका ग्राफिक्स कार्ड तोडते, पण ते किती ताकदीचे लागेल हे मॉनिटर ठरवतो. १०८० पिक्सेलच्या पडद्याला आरएक्स ६६०० सारखे ८ जीबीचे कार्ड बहुतेक खेळांत पुरते. त्याच्या जोडीला रायझन ५ ५६०० प्रोसेसर शोभतो: ६ कोअर, १२ थ्रेड, शिवाय एएम४ सॉकेटमुळे डीडीआर४ रॅम चालते. मात्र या प्रोसेसरात अंगचे ग्राफिक्स नाही. कार्ड पुढच्या पगारावर ढकलणाऱ्याला ५६००जी घ्यावा लागतो. नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ अनिवार्य, म्हणून सुरुवात महाग. पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय मात्र तिथेच अधिक.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्याव्यात, म्हणजे ड्युअल चॅनल मिळते. बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग सुरू केली नाही, तर ३२००ची रॅम बरेचदा २६६६ किंवा त्याहूनही कमी वेगाने चालत राहते. गेम साठवायला एनव्हीएमई एसएसडी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, खरेदीत काटकसर नेमकी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर होते. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर लिहिलेले वॅट फारसे मनावर घेऊ नयेत. रंगीत दिव्यांचे पैसे चांगल्या एसएमपीएसकडे वळवलेले बरे.