चिंचणी ते बोरघाट : काचेच्या डब्यातला प्रवास

आमच्या चिंचणीला रेल्वे स्टेशन नाही. समुद्र आहे, सुरूची झाडे आहेत, सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पण गाडी धरायची तर एस.टी.ने किंवा रिक्षाने वाणगाव गाठावे लागते. वाणगावच्या फलाटावर उभे राहून धडाडत जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस मोजणे हा आमच्या पोरांचा जुना खेळ. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबई सेंट्रलहून गुजरातकडे जाणाऱ्या शताब्दीला काचेच्या छताचा डबा जोडण्यात आला. ती गाडी वाणगावला थांबत नाही. तरी कोणा पोराने तो डबा पाहिलाच आणि वस्तीत येऊन सांगितले, “त्या डब्याला डोक्यावरपण खिडकी हाय!”

तसे पाहिले तर आमच्या लाइनवर गोरगरिबांचा असा एक डबा फार वर्षे होता. मुंबई-सुरत फ्लाइंग राणीला १९७९ च्या डिसेंबरात दुमजली डबे लागले. ऑफिसच्या कामासाठी पालघरहून मुंबईला जाताना आम्ही धडपडून वरचा मजला धरायचो. तिथून वैतरणेची खाडी, भाताची खाचरे, वसईकडची मिठागरे अशी काही दिसायची की उभ्याने प्रवास झाला तरी तक्रार नसे. तिकीट साधेच, सेकंड क्लासचे. २०२३ च्या जुलैत ते डबे काढून नवे एकमजली डबे लावले. नवे डबे चांगले आहेत, धक्के कमी बसतात. पण उंचावरून बघायचे सुख गेले ते गेलेच.

असो. सांगायची गोष्ट आहे आबांची.

आबा आमच्या शेजारचे. मूळचे कर्जत तालुक्यातले. निवृत्तीनंतर लेकीकडे चिंचणीला राहायला आले. सारी नोकरी रेल्वेत, गँगमन म्हणून, आणि त्यातली बरीच वर्षे बोरघाटात हिल गँगमध्ये. पावसाळ्याच्या तोंडावर कमरेला दोर बांधून कड्यावर चढायचे, सुटत आलेले धोंडे पहारीने पाडायचे, म्हणजे ते आपण होऊन गाडीवर पडणार नाहीत. पावसाळ्यात रात्रपाळीला हातबत्ती, लाल झेंडी आणि फटाके घेऊन रूळ चालायचा. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. दरड आलेली दिसली की ते रुळावर लावायचे. चाकाखाली फुटले की ड्रायव्हर समजतो आणि गाडी उभी करतो. आबांनी तो घाट किती वेळा पायी तुडवला याचा हिशेब नाही. पण निवांत बसून, नुसता बघण्यासाठी म्हणून त्यांनी तो एकदाही पार केला नव्हता.

त्यांची नात बोईसरला कंपनीत कामाला आहे. तिने ठरवले, आजोबांना काचेच्या डब्यातून घाट दाखवायचा. तिकीट माणशी सातशेच्या वर. आमच्या मंडळींच्या हाती त्याच महिन्यात भिशी लागली होती, म्हणून आम्हीही निघालो. लहानथोर मिळून सात जण. एवढ्या खर्चात एका महिन्याचा किराणा येतो हे घरात दोनतीनदा बोलून झाले, मग तो विषय आम्ही बंद केला. घाट बघून कार्ल्याची लेणी करायची आणि त्याच दिवशी परतायचे, असा बेत होता.

वर्षावासाचे दिवस, धो धो पाऊस. पहाटेच्या लोकलने निघून डेक्कन एक्सप्रेस मिळणे कठीण, म्हणून आदल्या रात्री ठाण्याला मेहुण्यांकडे मुक्काम केला. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती याच ठाण्याला आली होती. आमच्या डहाणूला लोकल यायला मात्र १६ एप्रिल २०१३ उजाडला, म्हणजे बरोबर एकशे साठ वर्षे!

गाडी आली. आबा डब्यात चढले, धोतर-सदरा, हातात छत्री. दारातल्या एका प्रवाशाने त्यांना अडवले, “आजोबा, जनरल डबा पुढे आहे.” सूर रागाचा नव्हता, उलट मदत करण्याचा होता. म्हणूनच तो जास्त लागला. नात काही बोलणार तोच आबांनी सदऱ्याच्या खिशातून तिकिटाचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. “बावीस नंबर हाय माझा. कुठं आला तेवढं सांगा.” त्या गृहस्थांनी मुकाट्याने जागा दाखवली.

या डब्याला व्हिस्टाडोम म्हणतात. चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यात तो तयार होतो. चव्वेचाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्ची बसल्या जागी मागेपुढे फिरणारी, भल्यामोठ्या खिडक्या आणि छताला काचेची तावदाने. आपल्याकडे असा डबा २०१७ च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणम ते अराकू दरीच्या मार्गावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरात कोकण रेल्वेच्या जनशताब्दीला, २६ जून २०२१ ला डेक्कन एक्सप्रेसला आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनला जोडला गेला. पोरांनी पहिली दहा मिनिटे खुर्च्या फिरवण्यातच घालवली. आमच्या सौभाग्यवतींनीही एक गिरकी घेतली, ते आम्ही पाहिले नाही असे दाखवले.

असा डबा आधी काढला कुणी, असे धाकट्याने विचारले. आम्ही निघण्यापूर्वी थोडे वाचून ठेवले होते. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या छपरावर गार्डासाठी काचेची लहानशी माडी असे. तिथे बसून तो पुढच्या साऱ्या गाडीवर नजर ठेवी. म्हणजे उंचावरून बघणे हे आधी कामगाराचे काम होते. पुढे १९४४ साली जनरल मोटर्स कंपनीचे एक बडे अधिकारी, सायरस ऑस्बॉर्न, कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड दरीतून जाताना इंजिनात बसले. ड्रायव्हर आणि फायरमन यांना रोज जे दिसते ते पाहून ते थक्क झाले. यासाठी प्रवासी पैसे मोजतील, हे त्यांच्या व्यापारी डोक्यात आले. १९४५ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेने काचेच्या घुमटाचा डबा तयार केला, त्याचे नाव ‘सिल्व्हर डोम’.

त्याच्याही आधीपासून तिकडे गाडीच्या शेपटीला सज्जा असलेले डबे असत. श्रीमंत लोक तिथे बसून मागे सरकणारे डोंगर बघत. त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना वेगळ्या डब्यात बसावे लागे, आणि तो डबा पुष्कळदा इंजिनाला लागून, धूर आणि निखाऱ्यांच्या माऱ्यात असे. सज्जाच्या डब्यात काळा माणूस दिसे तो चहा-पाणी देणारा नोकर म्हणून. या पोर्टर मंडळींनी १९२५ साली फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली युनियन बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करार करायला लावला. हे ऐकताना आबांची नात म्हणाली, “म्हणजे डबा एकच, पण बघणारे वेगळे आणि पुसणारे वेगळे.”

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. डब्यांचे सांगाडे विलायतेहून आले, पण वरचे डबे आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. आणि त्या गाडीत फक्त पहिला व दुसरा वर्ग! थर्ड क्लास जोडला गेला तो १९५५ च्या जूनमध्ये. पंचवीस वर्षे घाटातल्या त्या डौलदार गाडीत साध्या तिकिटाच्या माणसाला जागा नव्हती. गँगमन तर रुळाशेजारीच उभा.

आबांना मात्र काचेचा डबा नवा नव्हता. “सायबाचा डबा असायचा की. गाडीच्या शेवटाला जोडायचे. मागं मोठी काच. सायब आत खुर्चीवर बसून रूळ बघणार, आन आमी बाजूला अदबीनं उभं. कुठं रूळ खाली बसला, कुठं खडी कमी, समदं त्याला दिसायचं. आमी तेवढे नाय दिसायचो.” इन्स्पेक्शनच्या डब्याची ही हकीकत त्यांनी हसत सांगितली. आम्हाला हसू आले नाही. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली, तेव्हा हेच दुःख मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच उतरतो. साधी पोर्टरची जागाही त्याला मिळत नसे, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचे काम करायचे असे आणि विटाळ आडवा येई.

नेरळला माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ दिसले. पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली ती सुरू केली. कर्जतला गाडी थांबली आणि मागून ढकलणारी बँकर इंजिने लागली. या डब्याच्या टोकालाही मोठी काच आहे. पण घाट चढताना गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिने असतात, तेव्हा तिथे उभे राहणाऱ्याला दरीऐवजी इंजिनाचे तोंड दिसते. पोरे हिरमुसली. वडे खाऊन पुन्हा खुशीत आली.

पळसदरी मागे पडली. जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे आबा पाटी येण्याआधीच सांगत होते. उजवी-डावीकडे धबधबे, खाली ढग. सगळा डबा खिडक्यांना चिकटला, फोटो काढू लागला, बोगदा आला की पोरे किंचाळू लागली. आणि आबा? ते मान मागे टाकून छतातून वर बघत होते.

आम्हीही वर पाहिले. काळा ओला कडा अगदी डोक्यावर आलेला. त्यावर लोखंडी जाळी, जाळीत अडकलेले धोंडे, फटीतून वाहणारे पाणी. आजवर या घाटातून कितीतरी वेळा गेलो, पण हा कडा आम्हाला दिसलाच नव्हता. साध्या खिडकीतून दरी दिसते. कडा दिसायला छताला काच लागते. “त्यो बघा, त्यो धोंडा सुटनार,” आबा म्हणाले. “पानी मागनं येतंय. जाळी हाय म्हनून बरं.” त्यांचा हात नकळत कमरेशी गेला होता, जिथे दोर बांधत तिथे. २०१९ च्या पावसाळ्यात याच घाटात दरडींमुळे कित्येक दिवस गाड्या बंद होत्या, याची तेव्हा आठवण झाली.

हा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फुटांचा चढ, पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांपर्यंत मजूर एका वेळी राबत होते. कॉलरा, ताप, सुरुंग आणि कडेलोट यांनी त्यांतले हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुढे चालवला. तिचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच. मजुरांपैकी एकाचेही नाव आम्हाला कुठे वाचायला मिळाले नाही.

लोणावळ्याला उतरून रिक्षाने कार्ल्याला गेलो. पायऱ्या चढताना आबा आमच्या पुढे. चैत्यगृहातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. दर्शनी भागातल्या शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांतच दरवाजाचे काम करणाऱ्या एका सुताराचेही नाव आहे : धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. आम्ही ते आबांना सांगितले. “बापाचं नावपन लिवलंय?” त्यांनी विचारले, आणि अक्षरे वाचता येत नसतानाही त्या दगडापाशी बराच वेळ उभे राहिले.

परतीला तीच डेक्कन एक्सप्रेस, पण साधा सेकंडचा डबा. खिशात एवढेच उरले होते. आबांना गजांची खिडकी मिळाली. घाट सुरू झाला तसे त्यांनी गजांना कान लावला. चाकांचा खडखडाट, पाण्याचा आवाज, ओल्या खडीचा वास. “सकाळी समदं दिसलं,” ते म्हणाले, “पन ऐकू काय आलं नाय. रूळ ऐकावा लागतो.”

ठाकूरवाडीच्या आसपास रुळाशेजारी केशरी जाकिटातले चार गँगमन भिंतीला पाठ लावून उभे होते. गाडी हळू होती. आबांनी गजांतून हात बाहेर काढला. त्यांच्यातल्या एका पोऱ्याने झेंडी डाव्या हातात घेऊन उजवा हात उंच केला.

दादरला उतरलो, विरार गाठले, तिथून डहाणू लोकल. वाणगावला एकच रिक्षा उभी होती. दोन खेपांत आम्ही चिंचणीला पोहोचलो. पहिल्या खेपेला पोरांना पाठवून आम्ही आणि आबा फलाटावरच्या बाकावर बसलो. एक मालगाडी गेली. तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत आबा मोजत होते. “अठ्ठावन्न,” ते म्हणाले, आणि छत्री उघडून उठले.