निजलेल्या दप्तरांविषयी

मराठी मुलखातला मारुती बहुधा उभा असतो. वेशीवर शेंदराची पुटे अंगावर वागवीत असो वा एखाद्या मठात हात उगारून असो, पहाऱ्याचा ताठरपणा आणि झेपेची सिद्धता त्याच्या ठायी आपण गृहीतच धरलेली असते. म्हणून नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सौंसरजवळच्या जामसांवली येथे, पिंपळाच्या सावलीत निद्रिस्त मुद्रेने पहुडलेल्या मारुतीचे दर्शन ज्याला प्रथमच घडते, त्याच्या भक्तीत थोड्या विस्मयाची भर पडल्यावाचून राहत नाही. लोक सांगतात की, ही मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्या पायांखाली धन पुरले आहे अशा समजुतीने काही चोर ते उकरून नेण्यास आले, तेव्हा देवच त्या जागेवर आडवा झाला, आणि मग त्याला हलविणे कोणाच्याही बळाबाहेरचे ठरले. मंगळवारी आणि शनिवारी येथे दाटी होते, चैत्री पौर्णिमेला तर पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही, आणि 2023 साली ‘हनुमान लोका’चे भूमिपूजन झाल्यापासून या स्थानाचा लौकिक सातपुड्याच्या पार पलीकडे पोहोचला आहे.

या आख्यायिकेचा खरेखोटेपणा तपासण्याचे मला प्रयोजन नाही. मला तिच्यातली एक गोष्ट मात्र अस्वस्थ करते. चोरांपासून धन वाचले हे खरे, पण त्या दिवसापासून ते कोणाच्याच उपयोगी पडले नाही, हेही तितकेच खरे. देवाला हे शोभून जाते, कारण त्याला धनाची गरज नाही. आपल्या लोकांनी मात्र राखणदारीची हीच रीत घरच्या जुन्या कागदांना लावली, आणि पिढ्यानपिढ्या त्यांच्यावर निजून राहण्यातच आपले कर्तव्य पुरे झाले असे मानले.

आणि कागदांची या मुलखाला कधी वाण नव्हती. देवगडच्या गोंड राजांचा येथे अंमल होता, आणि त्यांच्यापैकीच बख्त बुलंदाने नागपूर वसविले. पुढे रघूजी भोसल्यांची सत्ता आली. 1817 साली सीताबर्डीची लढाई झाल्यावर राज्याचा कारभार काही वर्षे रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती गेला. 1854 त राज्य खालसा झाले. नंतरच्या जमाबंदीत मालगुजार हे गावांचे मालक ठरले, आणि 1951 त ती मालगुजारीही संपली. प्रत्येक अंमलाने आपापली लेखणी चालविली. सनदा, कौलनामे, वसुलाच्या पावत्या, महजर, गहाणखते, वाटणीपत्रे, कर्जरोखे असा पसारा वाढत गेला आणि लाल रुमालांत बांधला जाऊन माळ्यावर चढला. दसऱ्याच्या दिवशी हे रुमाल खाली उतरतात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, फूल चढते, आणि गाठ न सोडता ते पुन्हा वर जातात. अशा एका घरच्या वृद्ध गृहस्थांना, “काका, यांत आहे तरी काय?” असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आजोबांचं आहे बाप्पा, आम्ही काही उघडलं नाही.” त्या उत्तरात आदर होता, आणि कागदांच्या मरणाची सारी कारणमीमांसाही होती.

हीच वृत्ती ज्याने आयुष्यभर दारोदार हिंडून मोडण्याचा प्रयत्न केला, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. 1863 साली कोकणातील वरसई येथे जन्मलेला हा मनुष्य विद्यापीठाची पदवी घेऊनही नोकरीत रमला नाही, पत्नीच्या अकाली निधनानंतर पुन्हा संसारात पडला नाही, आणि इंग्रजी उत्तम अवगत असता आपले शोध मराठीतच लिहीन या निश्चयापासून ढळला नाही. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. 1750 पासून पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रे त्यात होती, आणि त्या पत्रांहूनही गाजलेली दीर्घ प्रस्तावना त्याला जोडलेली होती. मालेचे असे बावीस खंड झाले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तिच्या मुळाशीही राजवाडेच होते. पण स्वतः स्थापिलेल्या संस्थेतही फार काळ सुखाने नांदणे त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते.

त्यांची खरी लढाई वाळवीशी आणि कसरीशी जितकी होती, तितकीच घरमालकांच्या संशयाशी होती. त्या संशयाला कारण नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांची जी झाडाझडती घेतली, तीत कागद नाही म्हणून कित्येकांची इनामे गेली, आणि कागद दाखविला तर त्यातच खोट काढली जाईल या धास्तीने कित्येकांनी तो दडविला. ज्याच्या घरात ही धास्ती वारशाने उतरली होती, त्याने पागोटे घातलेल्या एका अनोळखी ब्राह्मणापुढे दप्तराची गाठ का सोडावी? राजवाडे विनवीत, भांडत, प्रसंगी रागावत. आणि गाठ सुटली की नक्कल करावयास बसत.

त्या कामातले कष्ट आज आपल्या ध्यानी येणे कठीण आहे. मोडीतले जुने पत्र महिना आणि चंद्राची तिथी सांगते, पण साल सांगेलच असे नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग शाईचा अपव्यय कशाला? त्यामुळे पत्रात उल्लेखिलेली एखादी कूच, एखादा मृत्यू, नदीला आलेला एखादा पूर, पाठीवर नोंदलेली पोहोचल्याची तारीख, अशा धाग्यांवरून साल ओढून काढावे लागते. काजळीची शाई शतके टिकते, पण पावसाच्या एका गळतीने पसरून जाते. हातकागद चिवट असतो, पण कसर त्याला चाळणी करते. माळ्यावरच्या सुरक्षित अंधारात हे सारे घडत असताना पूजा करणाराला त्याची वार्ताही नसते. जो रुमाल सोडतो, त्यालाच गळती दिसते. म्हणून मला वाटते की, कागद पूजेने वाचत नाहीत, वाचनाने वाचतात. आणि राजवाड्यांच्या साऱ्या खटाटोपाचे सार या एका वाक्यात येते.

31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि दुसऱ्यांची दप्तरे सोडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचेच एक दप्तर मागे उरले. त्यात जमविलेल्या पोथ्या होत्या, उतरलेल्या नकला होत्या, शब्दांच्या व्युत्पत्तीची टिपणे होती, अर्धवट सोडलेले सिद्धांत होते. धुळेकरांनी या वारशापुढे उदबत्ती लावून तो बंद केला असता, तर ते आपल्या रीतीला धरूनच झाले असते. त्यांनी तसे केले नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1927 मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्या टिपणांवर कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्यासारख्या भाषापंडिताने श्रम घेतले आणि 1937 साली ‘धातुकोश’, तर काही वर्षांनी ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ प्रसिद्ध झाला. पुढे राजवाड्यांचे समग्र साहित्यही तेरा खंडांत निघाले. स्वतःच्या कागदांचा असा विनियोग फारच थोड्या इतिहासकारांच्या वाट्याला आला असेल.

राजवाड्यांचे सारेच सिद्धांत टिकले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या व्युत्पत्तींपैकी कित्येक पुढच्या अभ्यासकांनी बाजूस सारल्या, आणि त्यांच्या प्रस्तावनांतील जातिविषयक आवेश आजच्या वाचकाला खटकतो व खटकावाही. परंतु त्यांच्या मतांशी भांडावयाचे झाले, तरी पुरावा म्हणून त्यांनीच छापलेली पत्रे हाती घ्यावी लागतात. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्याचे पारसनीस, पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध करणारे गोविंद सखाराम सरदेसाई, यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. आमच्या या बाजूस बुलढाण्याचे यादव माधव काळे होऊन गेले. वकिली सांभाळून त्यांनी 1924 साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि 1934 साली ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला, आणि भोसल्यांच्या राज्याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्याला आजही त्यांच्या दारावरून जावे लागते.

काळ्यांच्या पुस्तकांना पुढे फाटे फुटावयास हवे होते, ते सौंसरकडच्या या जाम नदीच्या खोऱ्यात फारसे फुटले नाहीत, आणि त्याचे एक कारण राजकीय आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतांची फेररचना झाली, विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपद संपले, आणि घरात मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा टापू छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. त्या निर्णयाची तक्रार करण्याचा येथे हेतू नाही. लोकांनी दोन्ही भाषांत सुखाने संसार मांडला आहे, संत्र्याच्या बागा नागपूरच्या बाजाराकडे पाहतात आणि कचेरीतले अर्ज हिंदीत होतात. पण कागदांना अशी दुहेरी वस्ती साधत नाही. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला हा मुलूख परराज्यातला वाटतो, भोपाळच्या अभ्यासकाला मोडी परकी वाटते, आणि ज्या घरात रुमाल आहेत त्या घरच्या मुलाला शाळेत मोडीच काय, कित्येकदा मराठीही भेटत नाही. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी मिळते, जुने दप्तर आपोआप मिळत नाही.

दप्तरे उघडण्यावरचा घरमालकांचा एक आक्षेप मी मनःपूर्वक मान्य करतो. त्या रुमालांत केवळ पराक्रमाच्या वार्ता नसतात. भाऊबंदकीचे तंटे असतात, विधवेच्या पोटगीची तोडजोड असते, कोणाची तरी बुडालेली जमीन आपल्या नावे कशी चढली याचा हिशेब असतो. असे कागद परक्याच्या हाती देताना हात अडखळला, तर त्याला अज्ञान म्हणणे अन्याय होईल. राजवाड्यांनी या संकोचाची पर्वा केली नसती. मला ती करावीशी वाटते. पण वाचण्यासाठी कागद घराबाहेर जाण्याची आज गरजही उरलेली नाही. मोडी जाणणारा एखादा मनुष्य ओसरीवर बसला आणि घरच्या मुलीने हातातल्या मोबाइलने एकेका बंदाचे छायाचित्र घेतले, तरी निम्मे काम झाले; मूळ कागद घरातच राहावेत, आणि कोणते छायाचित्र कोणाला दाखवावे हे घरानेच ठरवावे. बावीस खंड छापण्याची ताकद प्रत्येक तालुक्यात निर्माण होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. गावातल्या कोणत्या घरी किती रुमाल आहेत, त्यांत साधारण कोणत्या सालचे कागद आहेत, आणि त्यांवर पाणी गळते की नाही, एवढी यादी जरी सौंसर-पांढुर्ण्याच्या एखाद्या शिक्षकाने साध्या वहीत केली, तरी पुढच्या इतिहासकाराला कोणते दार ठोठवावे हे कळेल. आणि ते दार उघडणाऱ्यालाही आपल्या घरात काय आहे, याचे उत्तर देता येईल.