नावांची प्रश्नचिन्हं

गेल्या महिन्यातला शनिवार. वागळे इस्टेटमधल्या आमच्या हापिसात मी, एसी आणि चहाचं मशीन एवढेच हजर. काम सोपं होतं. एका पतसंस्थेची टेबलं जुन्या एसक्यूएल सर्व्हरवरून नव्यावर न्यायची.

मोठ्या टेबलांना विझार्ड लावला की ती खिडकी गोठून बसते, असा माझा अनुभव. म्हणून बीसीपी, म्हणजे बल्क कॉपी प्रोग्रॅम. एका कमांडने टेबल फाइलमध्ये बाहेर, दुसरीने फाइल नव्या टेबलात आत. 5000 ओळींची बॅच लावली की मध्येच एखादी पडली तरी आधीच्या टिकतात. शेवटी किती ओळी गेल्या तेही छापून येतं. माझा आकडा दोन्हीकडे तंतोतंत जुळला. स्वारी खूश होऊन डोंबिवलीला घरी!

सोमवारी सकाळी पतसंस्थेतल्या मॅडमचा फोन. "अहो, आमचे सभासद कुठे गेले? नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत."

पोटात गोळा आला. झालं असं होतं की सवयीने मी 'सी' हा ऑप्शन दिला होता. त्यात मजकूर मशीनच्या जुन्या कोड पेजमधून जातो आणि आमच्या मशीनच्या कोड पेजात देवनागरी नव्हतीच. मिळालं नाही ते अक्षर म्हणजे '?'. ना एरर, ना वॉर्निंग. युनिकोडसाठी 'डब्ल्यू' द्यायला हवा होता. युनिकोडात देवनागरी 1991 पासून आहे, माझ्या कमांडमध्ये नव्हती. आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की त्यातून 'सावित्री' परत काढता येत नाही.

वाचलो ते आमच्या लीडमुळे. "आठ दिवस जुना सर्व्हर बंद करायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं. तेव्हा मी मनात हसलो होतो. सकाळपासूनचे नवे व्यवहार पुसायचे नव्हते, म्हणून नावं-पत्ते 'डब्ल्यू' देऊन वेगळ्या टेबलात आणले आणि सभासद क्रमांक जुळवून तेवढेच अपडेट केले. दुपारचे तीन वाजले. डबा तसाच.

माफी मागायला फोन केला तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आकडे बरोबर होते हो. पण नाव नसेल तर पैसे द्यायचे कोणाला?"

आता आकडा जुळला तरी मी दहा-बारा ओळी उघडून नावं वाचतो. चक्क मोठ्याने. शेजारचे हसतात. हसू देत.