आणे पठाराच्या वाटेवर पहिला गिअर

आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. तेथून पूर्वेकडे निघाले की बैलबाजारासाठी नावाजलेले बेल्हे लागते, पुढे गुळुंचवाडी आणि मग आणे घाट. गुळुंचवाडीजवळ निसर्गानेच घडवलेला दगडी पूल आहे. ओढ्याच्या पाण्याने खालचा खडक कोरून नेला आणि वरची कमान तशीच राहिली. घाट चढून वर आले की आणे. जुन्नर तालुक्याचे हे पूर्वेकडचे टोक; पुढे पारनेर तालुक्याची हद्द.

तालुका एकच, पण पश्चिमेला नाणेघाटाकडे भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात तेव्हा आणे पठारावरचा शेतकरी ढगाकडे पाहत असतो. बाजरी, हुलगा, मटकी ही येथली भरवशाची पिके. विहिरीला पाणी असेल तर कांदा. जोडीला दूध. रंगदास स्वामींच्या यात्रेत येथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो, आणि त्या भाकरीची बाजरी ज्या मातीत पिकते ती माती पाहायची तर डांबरी सडक सोडून वाड्या-वस्त्यांवर जावे लागते. पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी या बाजूला आत शिरले की मुरूम, सुटे दगड आणि पाण्याने कापलेल्या चाकोऱ्या भेटतात. शेतभेटीच्या निमित्ताने या वाटा मी मोटारसायकलवरून पुष्कळ तुडवल्या आहेत.

अलीकडे पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी उंच, दणकट ‘अॅडव्हेंचर’ मोटारसायकली घेऊन इकडे फिरायला येतात. या गाड्या काही परमुलखातल्याच असतात असे नाही. केटीएमची ३९० अॅडव्हेंचर आपल्याच जिल्ह्यात चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होते. २०२० साली ती आपल्याकडे बाजारात आली. रॉयल एनफिल्डची हिमालयन त्याआधी २०१६ साली आली. आता आपल्या गावांतली मुलेही या गाड्या घेऊ लागली आहेत, नवी नाही तर जुनी. म्हणून हा विषय घरात बोलण्यासारखा झाला आहे.

एकदा एका वस्तीच्या दगडी चढावर अशीच मोठी गाडी अडकलेली दिसली. क्लच प्लेट तापल्याचा करपट वास सुटला होता. तेवढ्यात दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली शंभर सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये आमच्या शेजारून शांतपणे वर निघून गेली. तो तरुण मला म्हणाला, “काका, आमचं इंजिन तिच्या चौपट मोठं. मग असं का?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला चटकन समजेल. रोटाव्हेटर लावल्यावर आपण हाय-लोचा दांडा ‘लो’वर टाकतो. इंजिन तेवढ्याच जोमाने फिरते, चाक मात्र सावकाश चालते. वेग कमी होतो आणि ओढ वाढते. मोटारसायकलला असा ‘लो’चा दांडा नसतो. तिचा पहिला गिअर जेवढा हळू, तेवढीच ती क्लच न दाबता हळू चालणार.

आता हिशेब पाहू. समजा, मोठ्या गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या २० फेऱ्यांना मागच्या चाकाची १ फेरी होते. इंजिन धक्के न देता चालायला मिनिटाला २,००० फेऱ्या हव्यात, म्हणजे चाकाच्या १०० फेऱ्या. चाकाचा घेर २ मीटर धरला तर मिनिटाला २०० मीटर, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. सुट्या दगडांच्या चढावर १२ चा वेग फार झाला; तेथे माणसाच्या झपाझप चालीएवढा, ६-७ चा वेग हवा. छोट्या गाडीचे इंजिन दुबळे, म्हणून कारखानदार तिला आधीच खालचे गिअर देतो. तिथे २० च्या जागी ३० फेऱ्या धरा. वेग ८ वर येतो. किटलीवाल्याला क्लचशी झगडावे लागले नाही, त्याचे कारण हेच. मोठी गाडी हमरस्त्यावर शंभराच्या वर आरामात पळावी म्हणून तिचे गिअर लांब ठेवलेले असतात. तिचे बळ खरे, पण ते दुसऱ्या कामासाठी बांधलेले.

यावर उपाय म्हणजे साखळीच्या स्प्रॉकेटचे दात बदलणे. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १५ आणि मागच्याला ४५ दात आहेत. पुढचा १ दात कमी करून १४ केले, तर १२ चा वेग ११.२ वर येतो आणि ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मागे ३ दात वाढवून ४८ केले तरी फरक जवळपास तेवढाच. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायला सोपे, म्हणून आधी तेच बदलतात. मात्र हव्यास नको. १३ दातांवर गेले तरी वेग १०.४ च्या खाली जात नाही. उलट साखळी लहान चाकावर जास्त वाकते, लवकर झिजते आणि मागच्या चाकाच्या दांड्यावर घासू शकते.

या बदलाची किंमतही मोजावी लागते. पूर्वी ५,००० फेऱ्यांवर ८० चा वेग मिळत असेल, तर आता तेवढ्याच वेगाला सुमारे ५,३५० फेऱ्या लागतील. आळेफाट्यापर्यंत रोज सडकेने जाणाऱ्याला इंजिनाचा आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाढलेले जाणवेल. काही गाड्यांचा वेगदर्शक काटा गिअरबॉक्सवरून चालतो. तो मग खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावे. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएससारख्या अडीचशे किलोच्या घरातल्या गाडीला तर साखळीच नाही, शाफ्ट आहे. तिथे हा उपाय चालत नाही.

दात बदलूनही जो फरक उरतो, तो हाताने भरून काढायचा. मोटारसायकलचा क्लच सहसा तेलात बुडालेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या कोरड्या क्लचपेक्षा तो थोडा घसरा सहन करतो. थोडाच! चढावर रेस एकसारखी ठेवावी, क्लच अर्धा धरावा आणि मागचा ब्रेक हलका दाबून वेग आवरावा. चढ लांब असेल तर मध्ये सपाटी पाहून क्लच पूर्ण सोडावा किंवा थांबून तो निवू द्यावा. उतरताना पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिनालाच गाडी धरू द्यावी. क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नये. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

ही केवळ हौसेची गोष्ट नाही. दोनशे किलोची गाडी ५ च्या वेगाने पडली तरी खाली सापडलेला पाय मोडतो, आणि तो बहुधा घरात राबणाऱ्या मुलाचा असतो. मागे घरची लक्ष्मी नाही तर शाळेचे पोर बसलेले असते. जळलेली क्लच प्लेट बदलायची तर दुधाच्या पगारातली मोठी रक्कम जाते.

तेव्हा घरात मोठी गाडी घ्यायची चर्चा निघाली, तर इंजिन किती सीसीचे एवढेच विचारू नका. रोजच्या वाटेत डांबर किती, दगड किती, मागे ओझे किती, ते आधी मोजा. सडक जास्त असेल तर कारखान्याने दिलेले दात तसेच राहू द्या आणि हाताला वळण लावा. वस्तीची वाट जास्त असेल तर पुढचा एक दात कमी करा, साखळीचा ताण नीट बघून घ्या. आणि निम्मा दिवस किटल्या वाहायच्या असतील, तर छोटी गाडीच बरी. जमीन पाहून बियाणे निवडणाऱ्या शेतकऱ्याला वाट पाहून गिअर निवडायला कितीसा वेळ लागणार?